आत्याचा क्रस्टोज

माझी आत्या शब्दकोशाच्या कचेरीत तीस वर्षं इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहीत होती. वस्तूला हात लावल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, हा तिचा हट्ट. त्यापायी आमच्या घरात काय काय येऊन पडायचं! गंजलेली बिजागरी, मेंढीची लोकर, एकदा तर डांबराचा गोळा. आई कपाळाला हात लावायची. आम्हा मुलांची मात्र चंगळ.

हट्टाला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्या वाट्याला 'क्रस्टोज' हे विशेषण आलं. मूळ लॅटिन 'क्रुस्टा', म्हणजे वरचं कडक कवच. इतकं तिनं बरोबर शोधलं. पुढचं मनानंच ठरवलं आणि लिहून मोकळी झाली : 'कवच असलेला, खेकड्यासारखा'. तसंच छापून आलं. मग वनस्पतिशास्त्राच्या एका मास्तरांचं पत्र आलं. खडकावर करडे-हिरवे डाग दिसतात, त्या शैवाकाला हा शब्द लावतात. बाई, तुमच्या खेकड्यानं माझा अख्खा वर्ग हसवला! आत्या दोन दिवस धड जेवली नाही.

नवी आवृत्ती निघेपर्यंत तिच्या निवृत्तीचं वर्ष उजाडलं. जाण्याआधी ती चूक निस्तरायची, एवढाच ध्यास. पण जुना अर्थ एका ओळीचा, नवा दोन ओळींचा. संपादकांनी मान हलवली.

"बाई, पानं जुळवून झालीत. एक ओळ वाढली की पुढचं सगळं सरकणार. नुसता खेकडा खोडू, कवच राहू द्या."

आत्यानं पिशवीतून एक दगड काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, यावरचा हा डाग सोलून दाखवा."

साहेबांनी नख लावलं, मग कागद कापायची सुरी लावली. भुकटी निघाली, दगडाचे कण निघाले, पण पापुद्रा काही सुटेना.

"बघितलंत? कवच उतरतं. हे उतरत नाही. मग कवच कसं लिहू?"

"पटलं हो. पण ओळ कुठून आणू?"

कचेरीची एक रीत होती. ज्याचे शब्द ज्या पानावर संपत, त्या पानाच्या तळाशी त्याचं नाव बारीक टाइपात छापायचं. आत्याचे शब्द नेमके त्याच पानावर संपत होते. तिचं नाव उभ्या जन्मात छापून येणार होतं ते तेवढ्या एकाच जागी.

"तळाची ओळ काढा," आत्या म्हणाली.

घरी बाबा भडकले. "तीस वर्षं राबलीस आणि स्वतःचंच नाव खोडून आलीस? वेडी की काय तू?"

"दादा, अर्थ बसला ना पण," एवढं म्हणून ती पोटभर जेवली.

आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तो कोश माझ्याकडे आहे. 'पृष्ठभागाला घट्ट धरून वाढणारा, न मोडता सोलून न निघणारा, खपलीसारखा.' तिथे पान संपतं. हे कोणी लिहिलं, ते मी माझ्या मुलांना तोंडी सांगते.