बाबारावजींचं इटलीचं ताट

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. आज सांगायचं ठरवलंय — तरी बघा, अजून आढेवेढेच घेतेय.

कामरगावात मी शाळेत चित्रकला शिकवते. समोर बाबारावजी राहतात. तरुणपणी ते जहाजावर मेकॅनिक होते. इटलीतल्या कुठल्याशा बंदरावर, जुन्या बाजारातून त्यांनी एक ताट आणलं होतं — कित्येक पिढ्यांपूर्वीचं. लाल मातीवर पांढऱ्या मातीचा लेप, तो ओलसर असतानाच टोकदार काडीनं ओरखडून काढलेला ससा, वर काचेसारखी झिलई. हिरवा रंग रेषेबाहेर ओघळलेला. सशाच्या कानाशी कारागिराचा हात घसरला होता. असा ओरखडा खोडता येत नाही. चूक तशीच भट्टीत गेली आणि राहिली. मला त्या ताटाचं वेडच लागलं. का, ते कसं सांगू? वाटायचं, त्या कारागिरानं आत्ताच ताटावरून हात उचललाय.

त्यांच्या घरची सगळी माणसं सोयाबीन काढायला शेतात गेली होती, तेव्हा बाबारावजींनीच ते माझ्या हातात दिलं. "न्या बाई, चित्र काढून घ्या. दोन दिवसानं आनून द्या."

दोन दिवसांचे दोन महिने झाले. रोज म्हणायचे, उद्या देते. दार लावून ताट मांडीवर घ्यायचे, ओरखड्यांवरून बोट फिरवायचे. चोरी होती का ही? तेव्हा मी तो शब्द मनातही आणत नव्हते.

मग एका सकाळी बाबारावजी माझ्या अंगणात आले. मागे मुलगा, संजय.

"बाई, माह्यं ताट?"

आणि मी म्हणाले — "कोणतं ताट, बाबारावजी?"

एवढंच. वर्षभरापासून ते शेतातली मोटर बंद करायला विसरायचे, नातवांची नावं चुकायचे — मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते वाक्य जिभेवर आलं ना? संजयनं त्यांचा दंड धरला. "बाबा, काहून लोकाइले तरास देता?" ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. घाबरून.

आठवडाभर त्यांनी घर उपसलं. मला अन्न गोड लागेना. शेवटी एका दुपारी सून दळणाला गेली, ते ओसरीवर पेंगत होते — मी आत शिरले आणि ताट त्यांच्याच पेटीत, स्वेटरखाली ठेवून आले. वाटलं, सुटले.

संध्याकाळी संजय ते घेऊन माझ्या दारात. "पाहा बाई, याइच्याच पेटीत होतं."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी म्हणाले, "वय झालं की होतं असं."

मग वाशीमचा डॉक्टर, गोळ्या. सायकल काढून घेतली. एकट्यानं शेतात जायचं नाही. आता ते दिवसभर ओसरीवरच असतात.

परवा त्यांनी मला हाक मारली. "बाई, मले साफ दिसते — तुमी हात धुतले, पदराले पुसले अन् ताट घेतलं. पन तसं झालंच नाही म्हन्तात सारे. डोकंच गेलं माह्यं. तुमाले उगाच बोल लावला. राग नका ठेवू."

मी हात धुतले होते. पदराला पुसले होते.

"राग नाही, बाबारावजी," मी म्हणाले.