दुधी कापला, हात सोडला

मंडळी, बायकोने दृष्ट काढली की "मीठ-मोहरी फुकट घालवलीस" म्हणून ओरडणारा माणूस मी. मशिनच्या कंट्रोल पॅनेलची कामं करतो. वायरीतून येतं तेवढंच खरं मानतो. तरीही हे सांगतोय... हसा, पण शेवटपर्यंत वाचा!

वाशिंदजवळचा कारखाना, भर दुपार. पत्रा कापणारा प्रेस. हात आत गेला की सेन्सर पहिल्या पीएलसीला, म्हणजे मशिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, सांगतो, पहिला दुसऱ्याला कळवतो आणि दुसरा प्रेस थांबवतो. या निरोपाला किती वेळ लागतो, याचा अंदाज काढायला मला बोलावलं होतं. गंमत अशी, की प्रत्येक पीएलसी आपल्या फेरीलाच निरोप उचलतो. फेरी नुकतीच सुटली असेल, तर पुढचीची वाट बघा — शहापूर स्टँडवर मुरबाडची एसटी डोळ्यांदेखत सुटावी, तसं!

माझं गणित सांगत होतं, निरोप उशिरा पोहोचणार.

"मिलिसेकंदांनी काय होतंय, साहेब?" मॅनेजर नितीन म्हणाला.

"दुधी आण. दाखवतो."

हाताऐवजी दुधी घालून बघायचं, ही माझी जुनी रीत. प्रेस चालवणाऱ्या मंदाताईंनी सापगावहून परसातले दुधी आणलेच होते. "घ्या, पन नासाडी करू नका."

काठीला दुधी बांधून आत सारला. खच्च! दुसरा... खच्च! नितीनचा चेहरा पडला. मी मात्र नाटकातल्या खलनायकासारखा हात चोळत लॅपटॉपकडे वळलो. गणित बरोबर निघालं होतं ना!

प्रेस चालूच होता. आणि मागून मंदाताईंचा आवाज आला, "येवडा कवळा दुधी, फेकून देनार का तुमी?"

वळलो, तर तुकडा उचलायला त्यांचा हात आत... आणि पातं खाली येत होतं.



पातं थांबलं. बोटांच्या वर, नखभर अंतरावर.

ताईंनी हात काढला — तुकड्यासकट! मग मटकन खाली बसल्या.

लॅपटॉपवरचा निरोपांच्या वेळांचा आलेख पाहिला, मग पुन्हा पाहिला. थांबण्याचा हुकूम आधी सुटला होता. हात आल्याचा निरोप नंतर पोहोचला होता. नंतर उरलेले दुधी घातले, चिंध्या भरलेला हातमोजा घातला. तीच वायर, तोच प्रोग्रॅम. खच्च, खच्च, खच्च! एकदाही थांबला नाही.

सेन्सरची वायर थेट ब्रेकला जोडेपर्यंत मी प्रेस चालू करू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी डबा उघडला. "खा साहेब, तुमच्या गनिताची भाजी."

मी गणित पुन्हा मांडलं, कितीदा तरी. चूक सापडत नाही. पातं खाली यायलाच हवं होतं. का थांबलं, ठाऊक नाही... ताईंनी डबा उघडला तेव्हा मी भाजीकडे बघत नव्हतोच. वाढणाऱ्या हातांकडे बघत होतो. दहाच्या दहा बोटं.