सातवं मत

देशात लोकशाही कोणी आणली ते शिकलेली माणसं सांगतील; शेणव्याजवळच्या आमच्या गावात ती आमच्या काकीने आणली, आणि तीही हाताचं पीठ न झटकता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. उमेदवार यायचा, ओटीवर बसून काकाला विचारायचा, "दादा, घरात मतं किती?" काका रुबाबात म्हणायचा, "सात. तुमचीच समजा." घरोघरी हीच रीत होती, मत बाईचं, शब्द बाप्याचा. त्या दिवशी मात्र चुलीपुढून आवाज आला, "सहाच समजा. सातवं माझं हाय, ते मला इचारा." उमेदवार चहा अर्धा टाकून उठला.

तेव्हापासून काकीचं मत हे गावातलं सर्वांत मोठं गुपित झालं. मतदानाला ती ठेवणीतलं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून, एकटी आणि सर्वांच्या आधी जायची. पुढे आठवडाभर भांडी एकाच हाताने घासायची. दुसऱ्या हाताच्या बोटावरची शाई जायला नको! "सांगितल्याशिवाय जेवनार नाय," असं काका एकदा रुसून बसला, तर तिने त्याच्या वाटचं सुकट शांतपणे आपल्या ताटात वाढून घेतलं. शेजारीण हळूच विचारायला आली, "काकी, कोनावर मारू गो शिक्का?" काकी भडकली. "घरात सांगायला एक नवरा हाय तो पुरत नाय काय? मला कशाला दुसरा करतेस?"

अशा बाईच्या घरात मी ग्रामपंचायतीला उभा राहिलो. निशाणी कपबशी. पडलो, आणि एका मताने पडलो. मी तावातावाने काकीपुढे उभा. "काकी, खरं सांग, तूच ना?"

आता इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मतमोजणीत एक मत बाद झालं होतं. शहापूरला खताच्या दुकानात मी दिवसभर बिलं फाडायचो, सहीशिवाय कागद पुढे सरकत नसे. त्या सवयीने कपबशीवर शिक्का मारून मी खाली झोकदार सही ठोकली होती. अधिकाऱ्याने ती सर्वांना दाखवली. ते मत धरलं असतं तर निदान बरोबरी होती.

काकी म्हणाली, "तुझं मत अख्ख्या गावाने बघलं. माझं नाय कोनी बघलं. आता शहाना कोन ते तूच सांग."

पुढे यंत्रं आली आणि काकीची नजर गेली. केंद्रावर अधिकारी म्हणाला, "बटण दाबायला सोबतीला कोण?" काका पुढे सरसावला. काकीने चाचपडत माझा हात धरला. रांगेत खसखस पिकली. काका ओरडला, "अगो, याच्या पोटात काय राहत नाय!"

"आज राहील," काकी म्हणाली.

कोणाला सांगणार नाही असं अधिकाऱ्याने माझ्याकडून लिहून घेतलं. मग तिने माझ्या कानात एक निशाणी सांगितली. त्याच निशाणीचं बटण मी दाबलं. येताना मी विचारलं, "आणि माझ्या टायमाला कोनाला दिलंस गो?"

"तवा डोले होते मला," एवढंच बोलून ती चालू लागली.

ते तिचं शेवटचं मत. काकी गेल्यावर काका ओटीवर एकटाच बसायचा. एकदा मला जवळ बोलावून म्हणाला, "आता ती नाय. आता काय हरकत? कोनाला दिलं रे तिने?"

गावभर बडबडणारा मी, पण ती निशाणी काही ओठाशी येईना.

काकाने तोंड अंगणाकडे वळवलं. मग म्हणाला, "बरं, नको सांगूस. तिला नाय आवडायचं."