सूतभर कमी पडलेला घन

संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. नववीत गेले तरी बाबा घरीच होते. संप मिटला असं कोणी सांगितलं नाही, आणि गिरणीने बाबांना परत बोलावलंही नाही. मुलुंडच्या आमच्या खोलीत तोवर मिठाईचे खोके शिरले होते. दुकानदार पुठ्ठ्याचे ताव द्यायचा, आम्ही खोके करून द्यायचो. आई कापायची, मी घड्या मारायचे, बाबा खळ लावायचे. बाबा कामाला बसले की दार ओढून घ्यायचे. आयुष्यभर साच्यावर कापड विणलेला माणूस खळीत बोटं बुडवतोय हे शेजाऱ्यांना दिसू नये, म्हणून. ऐन उन्हाळ्यातसुद्धा दार बंद. खळीचा आंबट वास आमच्या जेवणालाही यायचा.

त्या वर्षी भूमितीच्या सरांनी दहा सेंटिमीटर बाजूचा, वरून उघडा घन करून आणायला सांगितला. त्यात बरोबर एक लिटर मावतं, ते सर वर्गात वाळू ओतून दाखवणार होते. या प्रात्यक्षिकाचे गुण धरून दहावीच्या तुकड्या ठरायच्या. अ तुकडीला सर स्वतः शिकवायचे. ड तुकडीत नापास होणारी मुलं बसवायचे, आणि तिथे गणिताच्या तासाला बहुतेक वेळा कोणी फिरकायचंच नाही. मला अ तुकडी हवी होती. घरात गणित विचारायचं कुणाला? बाबा चौथी शिकलेले, आई तेवढीही नाही.

पुठ्ठ्याचा घन म्हणजे माझ्या हातचा मळ. पुठ्ठाही घरातलाच घेतला, मिठाईच्या दुकानाचं नाव छापलेला. रेषा मी पट्टीने दहावरच आखल्या. पण घडीसाठी पुठ्ठ्यावर खाच पाडताना चमच्याचा दांडा सवयीने रेषेच्या आतून फिरला. मिठाईच्या खोक्याचा तळ सूतभर लहान ठेवावा लागतो, नाहीतर वरून झाकण बसत नाही. माझ्या घनाला झाकण नव्हतंच. ते हातांच्या लक्षात राहिलं नाही.

वर्गात सरांनी लिटरचं माप भरून माझ्या घनात वाळू ओतली. घन काठोकाठ भरला आणि मापात मूठभर वाळू उरली.

“अरे वा! मिठाईवाल्यांचं माप आहे हे,” सर म्हणाले. “मापात मारायचं घरीच शिकवतात वाटतं?”

वर्ग हसला. मागून एक पोरगी ओरडली, “काजूकतली कुठाय गं?”

“सर, झाकण बसावं म्हणून आम्ही तळ आत घेतो. हाताला सवय झालीय.”

“याला झाकण आहे का?”

“नाही.”

“मग चोरीच की ही. बस खाली. पुढच्या वर्षी ड तुकडीत जा, तिथे खोके वळ.”

माझं माप चुकलं होतं, त्याचे गुण त्यांनी खुशाल कापावेत. पण माझ्या आधी वर्गातल्या एका डॉक्टरांच्या मुलीच्या घनातून वाळू फटीफटीतून टेबलावर सांडत होती, तेव्हा हेच सर म्हणाले होते, “चिकटपट्टी लाव गं जरा.” तिच्या घरच्यांनी तिला काय शिकवलं, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, “गप ऱ्हव. मास्तराच्या तोंडाक लागू नको.”

बाबांनी खळीची वाटी बाजूला सारली. “माप चुकला काय तुझा?”

“चुकलं.”

“मगे दुसरो कर. मास्तर चोर म्हणालो, तेचा मी बघतंय.”

दुसऱ्या दिवशी गिरणीत जाताना घालायचे तो शर्ट घालून बाबा माझ्याबरोबर शाळेत आले. नवा घन माझ्या हातात होता. वर्गाच्या दारातूनच ते सरांना म्हणाले, “सर, माप चुकला तर मार्क कापा. पण माझ्या चेडवाक चोर म्हणूचा नाय.”

सरांनी त्यांना वर्गात बोलावलंही नाही. म्हणाले, “आधी तुम्ही कामाला लागा, मग आम्हाला शिकवा.”

सगळ्या वर्गासमोर बोलले ते. बाबांची मान लाल झाली. ते वळून निघून गेले. मी टेबलापाशी गेले, लिटरचं माप उचललं, स्वतः वाळूने भरलं आणि माझ्या घनात ओतलं. वाळू बरोबर काठाला लागली. मापात उरली नाही, टेबलावर सांडली नाही.

“बघा सर.”

“काल तपासून झालंय,” ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले. वाळूकडे त्यांनी बघितलंदेखील नाही.

जूनमध्ये माझं नाव ड तुकडीत निघालं. गणिताच्या तासाला वर्गात गोंधळ चालायचा आणि मी शेवटच्या बाकावर एकटीच पुस्तकातली उदाहरणं सोडवायचे. अडलं तर अडलंच. शेजारी अ तुकडीत सर शिकवायचे, त्यांचा आवाज भिंतीतून यायचा, शब्द कळायचे नाहीत. लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं. मी विसरले नाही, आणि मला विसरायचंही नाही. बाबांनी तो शर्ट पुन्हा कधी घातला नाही.

दहावी मी ड तुकडीतून पास झाले. नंतर गणित घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.