सासूबाईंसमोर सॅमन

ऑफिसातले किस्से ऑफिसातच जिरतात. पण चार माणसं गळ टाकून दिवसभर गप्प बसली, की किस्से साठतात हो! मासा येत नाही, बोलायला बंदी, मग माणसं काहीतरी करून बसतात.

आम्ही तिघे मराठी, सावंत, नेने आणि मी, ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागात एकाच ऑफिसात. तिथल्याच हेंक नावाच्या डच मित्राच्या नादाने रविवारी उत्तरेतल्या एका छोट्या नदीवर जातो. ट्राउट आणि सॅमन पकडायला.

*

पहिल्याच रविवारी सावंतने गाडीतून तवा काढला. मग छोटा गॅस, तेल, कोकम, मालवणी मसाला.

हेंकने विचारलं, "पिकनिक?"

"नो, नो. फिश फ्राय!"

हेंकचा चेहराच पडला. इथे ट्राउट किंवा सॅमन लागला, की अलगद परत सोडायचा असा नियम!

सावंत तवा परत गाडीत ठेवत मला म्हणाला, "म्हणजे इतक्या लांब आपण त्याला नुसतं भेटायला आलो?"

दुपारी हेंकने डब्यातून ब्रेड आणि चीज काढलं. आम्ही त्यावर मालवणी मसाला भुरभुरवला. बरं लागतं!

*

नेने पक्का पुणेकर, पक्का शाकाहारी. मासेमारीचा पास मात्र सगळ्यांत आधी त्याने काढला. नियम दिसला की त्याला राहवत नाही.

आणि मासे लागायचे फक्त त्याच्याच गळाला! एकदा तर ऐन संकष्टीला ट्राउट लागला. हा गळ लांब धरून ओरडतोय, "सावंत, पळ! तुझं कुणीतरी आलंय!"

सावंत धावला खरा, पण मासा सोडवला हेंकनेच.

*

कारण सावंत मालवणी असला तरी वाढला डोंबिवलीत. मासा त्याला ताटात ओळखता येतो, पाण्यात नाही. बायको शिल्पा मात्र थेट मालवणची. लग्न ठरतानाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "जावयाक माशातला काय्येक कळना नाय." बिचाऱ्याला ते अजून बोचतं.

म्हणून त्याने सासूबाईंना फोनवर थाप मारली, "दर रविवारी सॅमन पकडतो!" ते ऐकून सासूबाई व्हिसा काढून आल्या.

शिल्पाने बजावलं, "आता आईसमोर एक तरी काढून दाखव. मी मध्ये पडणार नाही."

*

त्या रविवारी आम्ही नेन्याला गळ टाकायला बंदी केली. सासूबाई कानटोपी घालून काठावर खुर्चीत बसल्या.

दुपारी सावंतची काठी वाकली. चांगला हातभर सॅमन! सासूबाई खुर्चीतून उठल्या, "गावलो! जावयबापूंका गावलो!"

सावंतच्या डोळ्यांत पाणीच आलं. आम्हालाही भरून आलं.

तेवढ्यात हेंक हळूच खाकरला.

सावंतने माशाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मग वाकून गळ सोडवला, या वेळी स्वतःच्या हाताने, आणि मासा पाण्यात सोडून दिला.

नेन्याने सावंतच्या खांद्यावर हात ठेवला.

सासूबाई काठापर्यंत आल्या, पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावयबापू, आमच्याकडे पाण्यात नारळ सोडतत. मासो घराक नेतत!"