कुंपणापलीकडची लाझारका

लेकीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. नवरा डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरीला. एरवी सुट्टी मिळाली की विमानाने इकडे आमच्या गुंगालिनच्या घरी यायचा, पण करोना आला, राज्यांच्या सीमा बंद झाल्या आणि तो तिकडेच राहिला.

आई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "गोड काहीतरी कर. तुझ्या वेळी तुझ्या सगळ्या मावश्या आल्या होत्या."

मी शिरा केला. लेकीने दोन चमचे खाल्ले. "ममा, प्लीज डोन्ट मेक इट अ थिंग," म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. मी एकटी टेबलाशी बसून राहिले. एवढी मोठी गोष्ट घडली होती आणि ती सांगायला जवळ माणूस नव्हतं.

शेवटी शिऱ्याचा डबा घेऊन मागच्या कुंपणाशी गेले. पलीकडे बल्गेरियातल्या एक आजी राहायच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच होत्या. शिरा कशासाठी केला ते मी सांगितलं.

"आमच्या गावात अशा मुलीला लाझारका करायचे," त्या म्हणाल्या. "ईस्टरच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी, वसंतात. वयात आलेल्या मुली फुलांचे मुकुट घालून दारोदार गाणी म्हणत जायच्या. घरची बाई अंडी द्यायची. एकदा लाझारका झाली की मुलगी मोठी झाली, तिला मागणी घालायला हरकत नाही."

"तुम्ही गेला होतात?"

"माझ्या वर्षी आई वारली. दुखवट्यातल्या मुलीला नेत नाहीत. पुढच्या वसंतापर्यंत वडिलांनी आम्हाला शहरात आणलं होतं, तिथे हे कोणी करत नसे." मग म्हणाल्या, "इथल्या आमच्या लोकांतल्या मुली दरवर्षी यायच्या माझ्या दारात. यंदा कोण येणार?"

रात्री जेवताना मी हे लेकीला सांगितलं. ती नाही म्हणेल असंच वाटलं होतं.

"शी नेव्हर गॉट टू डू इट?" तिने विचारलं. मग थोड्या वेळाने, "व्हॉट वुड आय वेअर?"

त्या शनिवारी इकडे शरद होता, हवेत गारठा होता. आजींनी बागेतल्या शेवंतीचा मुकुट करून कुंपणावर अडकवून ठेवला. गाण्याच्या चार ओळी त्यांनी फोनवरून शिकवल्या होत्या. लेक दिवाळीचा घागरा घालून त्यांच्या ड्राइव्हवेत उभी राहिली. आजी ठेवणीतला ड्रेस घालून दारात. लेक हळू आवाजात गायली, तिसऱ्या ओळीला अडली. आजींनी ती ओळ उचलली आणि मग थांबल्याच नाहीत, अख्खं गाणं म्हटलं. अंड्यांची टोपली पायरीवर ठेवून त्या मागे सरकल्या.

लेकीने टोपली घेतली नाही. डोक्यावरचा मुकुट काढून तिने टोपलीशेजारी ठेवला.

"डू यू वॉन्ट अ टर्न?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी मुकुट पांढऱ्या केसांवर नीट बसवला, जपून पायऱ्या उतरल्या आणि फुटपाथवरून आमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आता घरची बाई मी होते. त्यांचं गाणं होईपर्यंत मी उंबऱ्यात उभी होते. मग फ्रिजमधली अंडी खोक्यासकट आणून पायरीवर ठेवली.

"आता तुम्ही मोठ्या झालात," मी म्हणाले.

त्या हसल्या, मग बाहीने डोळे पुसले. त्यांना जवळ घ्यावंसं फार वाटलं. पण तेव्हा घेता येत नव्हतं. आम्ही तिघी आपापल्या जागी उभ्या राहिलो. मग त्या मुकुट डोक्यावर तसाच ठेवून, अंडी घेऊन घरी गेल्या आणि त्यांचं दार लागलं.

हिवाळ्यात त्या पडल्या. मुलगा येऊन त्यांना ॲडलेडला घेऊन गेला. गाडीच्या काचेतून त्यांनी हात केला. मास्कमुळे चेहरा नीट दिसला नाही. त्यांच्या घराचे पडदे कितीतरी महिने ओढलेलेच होते.