यांचं व्हिटॅमिन डी

आमचे हे पडदे शिवतात. लोकांच्या घरात ऊन शिरू नये म्हणून जन्मभर राबले आणि त्या नादात स्वतःच्या अंगालाही ऊन लागू दिलं नाही. दुकान तळघरात. सकाळी पायऱ्या उतरायच्या, ट्यूबलाइटखाली मशीन चालवायचं, अंधार पडला की वर यायचं. घरी तरी उजेड असावा, तर गिऱ्हाइकांनी नापसंत केलेला सगळा माल आमच्याच खिडक्यांना. भरदुपारी दिवा लावून मी भाजी चिरते.

गेल्या वर्षी यांचे पाय दुखायला लागले, मग कंबर, मग सगळंच. जमिनीवर बसून कापड कापलं की मशीनला धरून, टेबलाला धरून आणि शेवटी मला धरून उठायचे. तेवढ्यावर भागलं असतं. पण एकदा शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर पाय लटपटले आणि हे पडद्याच्या दांडीसकट खाली आले. लागलं काही नाही, पण बातमी मुलाला कळली. तो दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरसमोर बसतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. त्याने फोनवर जाहीर केलं की सुट्टी मिळाली की येतो. बाबांना शिडी चढता येत नसेल तर दुकान बंद करायचं आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे राहायला जायचं. त्या रात्री हे अर्धंच जेवले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी जवळजवळ नव्हतंच, हाडं आणि स्नायू त्यापायीच कुरकुरत होते. उन्हात कधी जाता असं विचारलं, तर हे म्हणाले, खिडकीचं माप घेताना. बाईंनी आठवड्याला एकच गोळी लिहून दिली. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर रोज थोडं उन्हात फिरा म्हणाल्या.

आता पडदेवाल्यांचा एक नियम असतो. खिडकीच्या दुप्पट कापड घ्यायचं, तरच चुण्या पडतात, नाहीतर पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा लोंबतो. यांनी तोच नियम गोळ्यांना लावला. आधी दुप्पट. जरा बरं वाटलं, तेव्हा चुण्या दाट हव्यात म्हणून रोज एक. एका औषधवाल्याने हटकलं की दुसऱ्याकडे जायचे. मी विचारलं, तर डॉक्टरांनीच वाढवून दिलंय म्हणून मोकळे.

पाय खरंच सुधारले. मग काय विचारता! काम नसताना शिडीवर चढायचे, पंखा पुसायचे, वरूनच माझ्याशी गप्पा मारायचे. जो भेटेल त्याला गोळ्यांचं महत्त्व पटवायचे. शेजारी यांना बघून रस्ता बदलायला लागले.

अति तिथे माती. हळूहळू तहान लागायला लागली. घागरभर पाणी प्यायचे आणि सारखे बाथरूमकडे पळायचे, पण पोट साफ होईल तर शपथ. जेवण समोर आलं की मळमळ. डोकंही ठिकाणावर राहीना. एका निवृत्त मुख्याध्यापिकांसाठी पोपटांच्या कापडाचे पडदे शिवले, ते सगळे उलटे. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “हे पोपट आहेत की वटवाघळं?”

त्याच संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई संतापल्या होत्या. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं; रक्तात कॅल्शियम वाढलंय, मूत्रपिंडावर ताण आलाय, असं त्यांनी सुनावलं. गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागलं. असं का केलंत म्हणून मी विचारलं.

“तो आला की शिडी चढून दाखवायची होती गं,” हे म्हणाले. “दोन महिने थांबायला वेळ कुठे होता?”

मला रडू आलं आणि रागही आला. मी आधी रागावून घेतलं.

हे घरी आले आणि पाठोपाठ मुलगाही आला. शिडीला अजून मनाई होती. मुख्याध्यापिकांचे पोपट मी उसवून सरळ केले होते, ते लावायचे राहिले होते, म्हणून आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. एवढं एक काम मी उरकतो आणि मग कुलूप, असं म्हणत मुलगा ऐटीत शिडी चढला. वर पोचल्यावर त्याचे पाय असे लटपटले की तो दांडीला मिठी मारून डोळे मिटून उभा राहिला. हे खाली शिडी घट्ट धरून होते.

“दांडी सोड. शिडीला धर. आता डावा पाय खाली. घाई नाही.”

खाली आल्यावर तो जमिनीवरच बसला आणि उठताना त्याने आधी टेबलाला धरलं, मग मुख्याध्यापिकांना. मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याचा आकडा बापाच्या पहिल्या आकड्याच्याही खाली निघाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याने माझा दंड धरला. “आई, बाबांना सांगू नकोस हं.”

मी घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत सांगितलं. दुकान चालू आहे.